आंब्याच्या दिवसांत ग्लुकोमीटर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

रक्तातली साखर मोजणाऱ्या ग्लुकोमीटरच्या पडद्यावर २८६ (मिग्रॅ/डेसिलिटर) आला आणि यंत्र बिघडलं असं वाटलं. सेवा केंद्राशी वाद घालून बदलून घेतलं, नव्यातही तेच. दोष यंत्रात नव्हता, बोटावर होता. आंबे पिळून हात नुसता पंचाला पुसला की रसातलं ग्लुकोज कातडीवर राहतं. यंत्रात घालायच्या चाचणीपट्टीला रक्त लागतं अर्धा-एक मायक्रोलिटर. एवढ्याशा थेंबात तो चिकटा मिसळला की आकडा कुठल्या कुठे जातो. स्पिरिटच्या बोळ्यानेही तो नीट निघत नाही. साबण, कोमट पाणी, बोट खडखडीत कोरडं, मगच सुई. पाणी नसेल आणि बोटाला गोड काही लागलेलं नसेल, तरच पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. माहितीपुस्तिकेत यावर बारीक टायपात एकच ओळ आहे, हे मला अजिबात पटत नाही. वीस रुपयांची पट्टी वाया जाते ते सोडा. खोट्या २८६ वर कुणी इन्शुलिन वाढवून टोचलं तर जिवाशी गाठ.

हात धुऊन घ्यायला लागल्यापासून यंत्राबद्दल तक्रार नाही. मात्र १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे अशा यंत्रांच्या मानकातच चालतं, तेव्हा १४० आणि १५० यांत फरक शोधू नका.

आमरसाचा हिशेब असा: १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं. दीडशे ग्रॅमची वाटी म्हणजे २२, वर दोन चमचे साखर घातली की ३० च्या पुढे, पुऱ्या वेगळ्या. रसावर तूप असेल तर तासाभराचा आकडा छान दिसतो. त्यावर जाऊ नका. तुपामुळे जठर सावकाश रिकामं होतं आणि चढ उशिरा येतो. पहिल्या घासापासून १ आणि २ तासांनी मोजा, तूप असेल तर तिसऱ्या तासालाही.

इन्शुलिन मात्र या यंत्राला दिसत नाही. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगात १० निरोगी माणसांना ६० ग्रॅम कर्बोदकं भरतील इतकं सफरचंद दिलं: एकदा अख्खं, एकदा लगदा करून, एकदा रस काढून. साखर तिन्ही वेळा जवळपास सारखीच चढली. पण रस आणि लगद्यानंतर इन्शुलिन जास्त उसळलं, आणि रसानंतर साखर झपकन खालीही आली. अख्ख्या फळानंतर तसं झालं नाही. तेव्हा फोडी आणि आमरस यांचा तासाभराचा आकडा जुळला म्हणून दोन्ही सारखेच, असं धरू नका.

पडताळायचं तर तेवढाच गर तोलून, एक दिवस फोडी, एक दिवस बिनसाखरेचा रस, दोन्ही नुसतेच, उपाशीपोटी. दिवसाला चार पट्ट्या (खाण्याआधी, मग १, २ आणि ३ तासांनी), ऐंशी रुपये. एकदाच घाला, रोज मोजत बसायला हा खर्च परवडत नाही.