घरी येऊन रक्त नेणारी लॅब: सर्व्हिस चांगली, ॲपमधलं ‘ऑल गुड’ मनावर घेऊ नका

ताईला ताकायासू आर्टरायटिस आहे. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांना सूज येते, जास्त करून तरुण बायकांना होतो, दुर्मिळच आहे पण आशियात त्यातल्या त्यात जास्त दिसतो. म्हणून ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या वरचेवर कराव्या लागतात, आणि हल्ली आम्ही घरी येऊन सॅम्पल नेणारी लॅब लावलीय. नाव टाकत नाही, कारण तक्रारी पण लिहायच्यात.

आधी चांगलं. मुलगा वेळेत येतो, हात हलका आहे, एका टोचण्यात काम होतं, रिपोर्ट संध्याकाळपर्यंत फोनवर. फक्त सकाळचा पहिलाच स्लॉट घ्या. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत लाल पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते, आणि जांभळ्या झाकणाची ट्यूब त्याच्या बॅगेत दुपारपर्यंत फिरत राहिली की आकडा उगाच कमी येतो. शिवाय हिमोग्लोबिन कमी असलं की ईएसआर तसाच वाढतो, त्यामुळे सीबीसी सोबत कराच.

आता डोक्यात गेलेली गोष्ट. सीआरपी यांच्याकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतो, आमच्या जुन्या लॅबचा डेसिलिटरमध्ये यायचा, म्हणजे तिथला 1.2 इथे 12 दिसणार, आजार आहे तिथेच. पण ॲपने दोन्ही एकाच ग्राफवर टाकले आणि आईने बाण वर गेलेला बघून जेवण सोडलं!! कस्टमर केअरला सांगितलं तर म्हणे ‘डॉक्टरांना दाखवा’.

उलटं पण होतं आणि ते जास्त डेंजर. ताईला टोसिलिझुमॅब चालू आहे, ते आयएल-6 ला (सुजेचा निरोप पोचवणारं शरीरातलं प्रथिन) अडवतं, आणि लिव्हर सीआरपी बनवतं ते मुख्यतः त्याच्याच सांगण्यावरून. म्हणजे औषध चालू असताना सीआरपी खाली येणारच, आतली सूज गेली असो वा नसो. औषध नसतानाही ताकायासूत दोन्ही आकडे नॉर्मल आणि आजार मात्र चालू असं होऊ शकतं. तरी ॲप हिरवं गोल करून ‘ऑल गुड’ म्हणतं. कसलं ऑल गुड, ताईच्या डाव्या मनगटाची नाडी लागत नाही! आमच्या डॉक्टर मॅडम आधी नाडी बघतात, दोन्ही हातांचं बीपी घेतात, मानेवर स्टेथो लावून आवाज ऐकतात, अधूनमधून एमआर अँजिओ (रक्तवाहिन्यांचा एमआरआय) सांगतात. भारतातल्या डॉक्टरांनीच बनवलेला आयटास 2010 नावाचा, ताकायासू किती चालू आहे ते मोजायचा स्कोअर आहे, तो पण तपासणीवरच भरतात, ईएसआर-सीआरपी धरायचं तर त्याचं आयटास-ए वेगळं आहे.

तर रक्त द्यायला ही लॅब बिनधास्त घ्या, ग्राफ बघू नका, पीडीएफ काढून युनिटसकट वहीत लिहा आणि शक्यतो लॅब बदलू नका. पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या सॅम्पलवाल्या मुलाचा. आणि हो, नंबर दिला की फुल बॉडी पॅकेजचे फोन सुरू होतात, ब्लॉक करा.