शब्द त्याचे, स्वर तिचा : रॉक्सेटच्या साऱ्या व्हिडिओंची डीव्हीडी

रॉक्सेट या स्वीडिश जोडीचे १९८७ ते २००१ या काळातले सारे व्हिडिओ एकत्र देणारी 'ऑल व्हिडिओज एव्हर मेड अँड मोअर' ही डीव्हीडी २००१ साली निघाली, आणि माझ्या हाती ती यंदा आली. जुन्या सीडी-डीव्हीडी घरपोच पाठवणाऱ्या एका विक्रेत्याकडून ती मी साडेसहाशे रुपयांना घेतली. तबकडीवर एकही ओरखडा नाही असे त्याने लिहून दिले होते. प्रत्यक्षात तिच्या कडेला नखाएवढा ओरखडा निघाला, त्यामुळे दोन ठिकाणी चित्र अडते, आणि तक्रार केल्यावर त्याने उत्तर देण्याचेही सौजन्य दाखवले नाही. तरीही मी ती परत पाठवली नाही, कारण ही गाणी अशी एका जागी, एकापाठोपाठ एक पाहायला मिळावीत ही माझी तीस वर्षांपासूनची इच्छा होती.

नौपाड्यातल्या आमच्या घरी केबल आली ती १९९२ च्या सुमारास. स्टार टीव्हीबरोबर आलेली एमटीव्ही वाहिनी दुपारी आई झोपल्यावर, आवाज अगदी बारीक करून, ताई आणि मी पाहत असू. कोणते गाणे कधी लागेल याचा नेम नसे, त्यामुळे रॉक्सेटचे गाणे लागले की ताई स्वयंपाकघरातून पळत येई आणि बहुतेक वेळा तिच्या वाट्याला शेवटचे अर्धे मिनिटच येई. गाण्याची सुरुवात कशी होते हे आम्हाला पडद्यावरून नव्हे, तर पुढे गोखले रोडवरून आणलेल्या कॅसेटवरूनच कळले.

हा संग्रह कसा पाहावा याविषयी माझे एक ठाम मत आहे. आकाशवाणीवर मराठी गाणे लागण्यापूर्वी गीत कोणाचे, संगीत कोणाचे आणि स्वर कोणाचा हे सांगण्याची पद्धत आहे, आणि त्या पद्धतीवर वाढलेला श्रोता गायकाइतकाच कवी आणि संगीतकारही ओळखून असतो. रॉक्सेटचे तसेच आहे. गीत आणि संगीत बहुतांश पेर गेसले यांचे, आणि त्या गाण्यांपैकी जी मनात घर करून बसतात त्यांचा स्वर मारी फ्रेड्रिक्सन यांचा. लिहिणारा एक आणि गाणारी दुसरी, हे लक्षात ठेवून व्हिडिओ पाहिले की त्यांतला फरक चटकन दिसू लागतो: काही व्हिडिओ गेसले यांच्या खेळकर लेखणीचे आहेत आणि काही मारी यांच्या गळ्याचे. दिग्दर्शकाला हे ज्या ज्या वेळी उमगले आहे, त्या त्या वेळी व्हिडिओ टिकला आहे.

'द लुक' हे गाणे पहिल्या प्रकारचे आहे आणि ते मुख्यतः गेसले यांनीच गायले आहे. त्याच्या पहिल्या कडव्यातले शब्द चाल बसवताना तात्पुरते म्हणून लिहिलेले होते आणि तेच पुढे कायम राहिले, हे कळल्यावर त्या शब्दांचा अर्थ लावण्याचा आमचा शाळकरी खटाटोप आठवून मला मनापासून बरे वाटले. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपनीने हे गाणे असलेला अल्बम आधी नाकारला होता. स्वीडनमध्ये शिकायला गेलेल्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने तो मायदेशी मिनिआपोलिसच्या रेडिओ केंद्रावर नेऊन दिला, तिथे गाणे वाजू लागले, आणि एप्रिल १९८९ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. व्हिडिओ मात्र आज पाहताना त्या काळातल्या इतर दहा व्हिडिओंसारखाच वाटतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेल्या 'लिसन टू युअर हार्ट'ची गोष्ट निराळी आहे. गेसले यांनी मॅट्स पेर्सन यांच्यासह रचलेल्या या गाण्याचे चित्रण स्वीडनच्या ओलांड बेटावरील बोर्गहोम किल्ल्याच्या अवशेषांत झाले आहे. १८०६ च्या आगीत या किल्ल्याचे छप्पर गेले आणि उरल्या त्या उघड्या, उंच दगडी भिंती. वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला ही जागा परकी वाटणार नाही. छप्पर नसलेल्या भिंतींच्या चौकटीतून आभाळ जसे आत उतरते, तसेच ते इथेही उतरते. अशा जागी प्रेक्षकांसमोर वाद्यवृंद उभा केला आहे, आणि मारी यांचा आवाज वरच्या पट्टीत जातो तेव्हा त्याला डोक्यावर छत नाही याचा दिग्दर्शक डग फ्रील यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. भव्यपणा थोडा जास्त झाला आहे, हे मला मान्य आहे. पण गाणेच तसे लिहिलेले आहे.

या साऱ्या संग्रहात मी सर्वांत जास्त वेळ ज्याच्यापाशी थांबलो, तो 'इट मस्ट हॅव बीन लव्ह'चा व्हिडिओ. हे गाणे मुळात १९८७ साली नाताळचे विरहगीत म्हणून स्वीडनमध्ये निघाले होते. 'प्रिटी वुमन' या चित्रपटासाठी रॉक्सेटकडे गाणे मागितले गेले तेव्हा दौऱ्याच्या धावपळीत नवे रचायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी हेच जुने गाणे पुढे केले आणि नाताळच्या उल्लेखाच्या जागी हिवाळ्याच्या दिवसाचा उल्लेख घातला. जून १९९० मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. हाही व्हिडिओ फ्रील यांचाच. सारे चित्रण संथ गतीत दिसावे अशी त्यांची इच्छा होती, पण तसे केले तर गाणाऱ्या व्यक्तीचे ओठही संथ होणार आणि गाण्याशी त्यांचा मेळ बसणार नाही. यावर उपाय असा की चित्रण करताना गाणे दुप्पट वेगाने म्हणायचे आणि नंतर ते चित्र निम्म्या वेगाने दाखवायचे. मारी यांना त्यासाठी संपूर्ण गाण्यावर दुप्पट वेगाने ओठ हलवायला शिकावे लागले.

हे ठाऊक नसताना मी हा व्हिडिओ लहानपणी कितीतरी वेळा पाहिला होता आणि त्यात काहीतरी स्वप्नासारखे आहे, एवढेच मला कळत होते. आता मोठ्या पडद्यावर त्याचे मर्म दिसले. ओठ सुरावर अचूक आहेत, एका अक्षराचीही चूक नाही; पण पापण्यांकडे पाहावे. त्या मिटायला नेहमीच्या दुप्पट वेळ घेतात आणि उघडायलाही तेवढाच. म्हणजे चेहऱ्याचा खालचा भाग आत्ता गातो आहे आणि वरचा भाग कालच्यात रेंगाळला आहे. संपून गेलेल्या प्रेमाचे गाणे चित्रित करण्याची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही. त्या काळी वाहिनीवर लागणाऱ्या आवृत्तीत चित्रपटातली दृश्ये मध्येमध्ये घुसवलेली असत. ती चित्रपटाच्या जाहिरातीला उपयोगी पडली असतील, पण गाण्याची लय ती मोडतात.

मे १९९१ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेल्या 'जॉयराइड'बद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गेसले यांच्या मैत्रिणीने पियानोवर ठेवलेल्या प्रेमळ चिठ्ठीतून या गाण्याची पहिली ओळ आली, आणि वाळवंटातून धावणाऱ्या मोटारीच्या बॉनेटवर बसून गिटार वाजवणारी ही जोडी पाहताना ती चिठ्ठी लिहिणारीचा आनंद अजूनही पोहोचतो. त्याउलट १९९३ च्या 'ऑलमोस्ट अनरियल'मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' या चित्रपटाचा भार गाण्यावर इतका पडला आहे की मी ते दुसऱ्यांदा पाहिले नाही. १९९९ पासूनच्या काही व्हिडिओंचे दिग्दर्शन योनास ओकरलुंड यांनी केले आहे. त्यांत किल्ले नाहीत, वाळवंट नाही. प्रौढ झालेल्या मारी आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा लपवण्याचा प्रयत्न नाही. हा काळ लोकप्रियतेच्या दृष्टीने उतरता असला तरी 'विश आय कुड फ्लाय' आणि 'एनीवन' ही गाणी मला त्यांच्या गाजलेल्या गाण्यांच्या तोडीची वाटतात.

आता वस्तूविषयी. यातले बहुतेक व्हिडिओ जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचे आहेत, त्यामुळे रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. चित्र ताणून पट्टे घालवण्याचा मोह टाळावा, कारण ताणलेला चेहरा पाहवत नाही. सुरुवातीच्या स्वीडिश काळातली चित्रे धूसर आहेत. ध्वनी मात्र स्वच्छ आहे. 'जॉयराइड' अल्बमच्या वेळचे पडद्यामागचे चित्रणही सोबत आहे आणि गाणे कसे घडते याची आवड असणाऱ्याला ते आवडेल. यातली गाजलेली गाणी यूट्यूबवर फुकट आणि काही तर अधिक स्पष्ट चित्रासह मिळतात, हे खरे आहे, आणि ज्याला दोन-तीनच गाणी हवी आहेत त्याने डीव्हीडी शोधत बसू नये. पण एका आवाजाची चौदा वर्षे सलग पाहायची असतील, मध्ये जाहिरात नको असेल आणि न गाजलेली गाणीही चुकवायची नसतील, तर ही तबकडी जुनी का होईना मिळवावी. घेण्यापूर्वी तिच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मात्र मागून घ्यावे.

संग्रह २००१ मध्ये संपतो. पुढच्याच वर्षी मारी यांना मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले. त्यातून सावरून त्या पुन्हा मंचावर आल्या, २०१६ पर्यंत गायल्या आणि ९ डिसेंबर २०१९ रोजी वयाच्या ६१ व्या वर्षी गेल्या. गेल्या रविवारी ताई ऐरोलीहून घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरी आली होती. 'इट मस्ट हॅव बीन लव्ह' लागले तेव्हा मी तिला पापण्यांकडे पाहायला सांगितले. ती शेवटपर्यंत काही बोलली नाही. गाणे संपल्यावर "मी पहिल्यापासून कधी पाहिलंच नव्हतं रे," असे म्हणून तिने माझ्या हातातला रिमोट घेतला आणि ते पुन्हा सुरुवातीपासून लावले.