टीआर-५०५ की एचआर-१६? बेंडिंगसाठी जुनं रिदम मशीन घेताना

बेंडिंगसाठी, म्हणजे मशीन उघडून आतल्या सर्किटचे भाग वायरीनं एकमेकांना टेकवून त्यातून भलतेच आवाज काढण्यासाठी, जुनं रिदम मशीन (ठेका वाजवणारं यंत्र) शोधायला लागलात की दोन नावं फिरून फिरून समोर येतात. रोलँडचं टीआर-५०५ आणि अलेसिसचं एचआर-१६. रोलँडचंच आधीचं ८०८ किंवा ६०६ कुणाच्या माळ्यावर सापडलंच तर नशीब समजा, पण त्याला वायरी जोडत बसू नका. त्यांचा आवाज अ‍ॅनालॉग सर्किटमधून तयार होतो, तिथे रेझिस्टर-कपॅसिटर बदलायचं काम असतं आणि तो वेगळाच छंद आहे. आणि घरातला रियाजाचा इलेक्ट्रॉनिक तबला तर अजिबात उघडू नका. घरातली शांतता त्या चार आवाजांपेक्षा महाग आहे.

माझ्याकडे दोन्ही मशीन आहेत, दोन्ही उघडून झालेली आहेत. एकच घ्यायचं असेल तर कोणतं, हा प्रश्न मला नाशिकच्या दोन-तीन ऑर्केस्ट्रावाल्या मित्रांनी विचारला, म्हणून हे सविस्तर.

आधी आवाज. ५०५ हे १९८६ चं आणि एचआर-१६ हे १९८७ चं. वर्षाचाच फरक, पण कानाला तो दहा वर्षांचा वाटतो. ५०५ मध्ये सोळा आवाज, आणि त्यातला किक (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा आवाज) म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारलेली टिचकी. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या माणसाला तर तो किक म्हणून पटतच नाही. एचआर-१६ चे एकोणपन्नास आवाज सोळा बिटचे, अंगानं भरलेले, आणि पॅडवर बोट हलकं मारलं की हलके, जोरात मारलं की जोरात वाजतात. ऑक्टोपॅडवर हात बसलेल्या वादकाला हे लगेच आवडतं. ५०५ च्या बटणांना असलं काही कळत नाही, दाबलं की वाजलं.

पण आपण ही मशीन सरळ वाजवायला घेत नाही आहोत.

दोन्हींत बेंडिंगची जागा एकच: आवाज साठवलेल्या रॉम चिपचे पाय. डेटाचे, म्हणजे आवाज बाहेर नेणारे, दोन पाय एकमेकांना टेकवले की आवाज फाटतो, कुरकुरतो. अ‍ॅड्रेसचे, म्हणजे कुठून वाचायचं ते सांगणारे, पाय टेकवले की मशीन भलत्याच ठिकाणाहून वाचायला लागतं. ५०५ वर मला सगळ्यात आवडलेली जोडी अशी आहे की क्लॅप (टाळी) सुरू होतो क्लॅपसारखा आणि त्याचं शेपूट निघतं काऊबेलचं (घंटेचं), तेही अर्धवट तुटलेलं. दुसऱ्या एका जोडीवर राइड (झांजेचा आवाज) असा तडतडतो की शेजारचे विचारतात, ताशाचा सराव इतक्या लवकर सुरू झाला का? मजा अशी की तीच वायर त्याच पायांना लावली की तोच आवाज परत मिळतो, त्यामुळे वहीत नोंद ठेवता येते. मुख्य प्रोसेसरच्या वाटेला गेलं नाही तर ठेकाही बहुधा चालू राहतो, फक्त आवाज बिघडत जातात. प्रोसेसरला हात लावलात की मशीन हँग, मग बंद करून चालू करा.

या बाबतीत एचआर-१६ सरस आहे, हे मान्य करायलाच हवं. त्यात प्रत्येक आवाजाची पट्टी वेगवेगळी वरखाली करता येते. म्हणजे आधी फाडलेला आवाज मग खाली खेचायचा. बेंड केलेला टॉम पार तळाला नेला की जे घरघरतं ते ५०५ च्या बापजन्मी जमणार नाही. ५०५ ला अशी पट्टी हलवायची तर मशीनचा वेग ठरवणाऱ्या मूळ क्लॉकच्या जागी वेग बदलता येणारा ऑसिलेटर बसवावा लागतो, आणि मग सगळेच आवाज एकदम खाली येतात. करणारे करतात. मला तितकी गरज वाटली नाही.

मग माझा कल ५०५ कडे का? अ‍ॅडॅप्टरमुळे. हसू नका.

एचआर-१६ ला नऊ व्होल्ट लागतात, पण एसी. डीसी नाही. एम. जी. रोडवर दुकानात जाऊन 'नऊ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर' मागितला की काउंटरवरचा मुलगा न बघता राउटरचा डीसी अ‍ॅडॅप्टर पुढे करतो. 'एसी आउटपुटचा' म्हटलं की तो म्हणतो, 'काका, एसीवरच चालतो की हा.' त्याचंही चूक नाही, असा अ‍ॅडॅप्टर रोज मागतंय कोण! शेवटी मी ९-०-९ चा एक अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणला, मधली तार आणि एका बाजूची तार घेतली, प्लास्टिकच्या डबीत बसवून फ्यूज लावला. चालतो. पण आता चित्र बघा: टेबलावर झाकण काढलेलं मशीन, त्यातून बाहेर आलेल्या उघड्या वायरी, दोन्ही हातांत एकेक टोक, आणि कोपराशी घरी बनवलेली, २३० व्होल्टला लावलेली, तासाभरात कोमट होणारी डबी. डबी जवळ सरकली की बेंडच्या लांब वायरी घूं असा आवाज पकडतात, लांब ठेवली की वायर पुरत नाही. आणि रंगात आलं की लाइट जाते. सेलवर चालवायची सोयच एचआर-१६ ला नाही.

५०५ सहा पेन्सिल सेलवर चालतं. संपलं.

बेंडिंगची सुरुवात ज्यांच्यापासून धरतात त्या रीड गझालांना १९६६-६७ च्या सुमारास ही गोष्ट सापडली तीही सेलवर चालणारा एक छोटा उघडा अ‍ॅम्प्लिफायर टेबलाच्या लोखंडी ड्रॉवरमध्ये पत्र्याला टेकून शॉर्ट झाल्यामुळे. सेलवर चालणारंच उपकरण उघडा, हा बेंडिंगमधला नेहमीचा नियम. मला तो एचआर-१६ वर काम करताना जितका पटला तितका वाचून पटला नव्हता. सेल टाकलेलं ५०५ मांडीवर घेऊन गच्चीत बसता येतं. दोन पाय चुकून टेकले तरी भीती मशीनची, आपली नाही. आणि भीती नसली की माणूस विचित्र जोड्याही लावून बघतो. माझ्या वहीतले बरेचसे चांगले आवाज ५०५ चे आहेत, ते मशीन मोठं म्हणून नव्हे, मी त्यावर जास्त बसलो म्हणून.

अर्थात हे माझ्यापुरतं. तुमच्याकडे कायमचं टेबल असेल, चांगला तयार एसी अ‍ॅडॅप्टर मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणायची तयारी असेल (सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं जाऊन संध्याकाळी परत), आणि काम मुख्यतः रेकॉर्डिंगचं असेल, तर एचआर-१६ घ्या. भरदार किक हवा असेल तर दुसरा पर्याय नाहीच म्हणा ना.

५०५ घ्यायचं ठरलं तर विकणाऱ्यासमोर सेल टाकूनच वाजवून बघा आणि कप्प्यातल्या स्प्रिंगा हिरव्या पडल्यात का ते पाहा. कुणी अ‍ॅडॅप्टर फुकट देतो म्हणालं तर जपून: ५०५ ला मधली पिन निगेटिव्ह लागते, गिटार पेडलसारखी, आणि राउटर-सीसीटीव्हीचे अ‍ॅडॅप्टर बहुतेक उलटे असतात. उघडल्यावर मल्टिमीटरनं ग्राउंड आणि पाच व्होल्टचे पाय आधी शोधा आणि त्यांना लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या. ते दोन एकमेकांना टेकले नाहीत तर बाकीच्यांशी बिनधास्त खेळा.