तीन सोलर इन्स्टॉलर, चौदा महिने आणि एक तुटका केबल टाय

मी सोलर विकते, बसवत नाही. गिऱ्हाईक मिळवायचं, वीजबिलं बघायची, छताची मापं घ्यायची, करारावर सही घ्यायची आणि काम इन्स्टॉलरच्या हवाली करायचं. कमिशन हातात पडतं ते सिस्टीम चालू झाल्यावर. बोलणी मात्र पुढची कैक वर्षं मीच खायची, कारण गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये नंबर माझा असतो. चौदा महिन्यांत तिघांकडून कामं करून घेतली. नावं लिहीत नाही. दोघांशी अजून व्यवहार चालू आहे.

पहिले झटपटवाले. सकाळी आठला गाडी दारात, संध्याकाळी पाचला पॅनेल छतावर. करारापासून दहा-बारा दिवसांत इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरात चालणारी एसी करणारा डबा, लागलेला, आणि माझं कमिशनही तेवढंच लवकर. सहा महिन्यांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मी डोळे झाकून यांचंच नाव सांगितलं असतं.

दुसरे वहीवाले. सर्व्हेला दोनदा येणार, छताखालचे वासे शोधून त्यांवर खुणा करणार, शेजारच्या झाडाची सावली कुठल्या महिन्यात कुठवर सरकते याचं चित्र काढणार. एकेका कामाला सहा आठवडे. एक गिऱ्हाईक यांच्या दिरंगाईमुळे हातचं गेलं आणि तेव्हा मी यांना काय काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसरे स्वस्तवाले. यांची गोष्ट लवकर आटोपते. पॅनेलच्या वायरी जोडायचे एमसी४ कनेक्टर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे घेऊन एकमेकांत खोचले होते. ते बसतात, ‘टक’ असा आवाजही येतो, पण वेगवेगळ्या कंपन्यांची जोडी एकत्र तपासलेली नसते. आतला संपर्क नीट नसला की जागा तापत जाते. थर्मल कॅमेऱ्यात सगळी वायरिंग निळसर आणि तेवढा एकच ठिपका पांढराफटक दिसला. त्या दिवसापासून यांचं दुकान माझ्यापुरतं बंद.

आता मूळ विषय. झटपटवाल्यांनी केलेल्या एका कामाला दहा महिने झाले होते. पावसाळी सकाळ, साडेसातला तिथल्या गिऱ्हाईक काकांचा फोन: “ताई, तुमचं सोलर आज उठलंच नाही.” इन्व्हर्टरवर लाल दिवा, आयसोलेशन फॉल्ट, म्हणजे वायरीतून वीज कुठेतरी गळतेय. इन्स्टॉलरचा माणूस बाराला पोचला तेव्हा सगळं सुरळीत चालू होतं. त्याने फोटो काढला, “ओके आहे” म्हणाला आणि गेला. आठवड्याने पुन्हा तेच. पुन्हा दुपारी माणूस, पुन्हा ओके. तिसऱ्या खेपेला तर काकांनाच सुनावून गेला, की तुम्ही उगाच सारखं ॲप उघडून बघत बसू नका. तीन दुपारी मीही तिथे हजर, माझं पेट्रोल माझ्याच खिशातून.

यात गूढ काही नाही. इन्व्हर्टर रोज सकाळी वीज सुरू करण्याआधी डीसी वायरींचं इन्सुलेशन तपासतो. वायर कुठे सोललेली असेल तर ओल्यातून करंटला अर्थिंगकडे वाट मिळते आणि तो सुरू व्हायला नकार देतो. उन्हं वर आली, वायर सुकली, की तोच इन्व्हर्टर शहाण्यासारखा कामाला लागतो. म्हणजे हा आजार बघायचा तर सकाळी ओल्यातच जायला हवं. चौथ्या खेपेला मी हट्ट धरला, सात वाजता या. एकेक स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलांची माळ, वेगळी करून मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, तपासली. तिसऱ्या रांगेतल्या पॅनेलखाली वायर लोंबून रेलच्या, म्हणजे पॅनेल ज्यावर बसवतात त्या धातूच्या पट्टीच्या, धारेवर टेकली होती. वाऱ्याने हलून हलून तिथलं आवरण घासून गेलं होतं. जवळच तिला धरून ठेवायचा पांढरा नायलॉनचा केबल टाय दोन तुकडे होऊन पडला होता.

तेव्हापासून मी टायवेडी झाले आहे, हे मान्य. स्ट्रक्चर वाऱ्याला टिकणं, छत न गळणं, अर्थिंग नीट असणं हे सगळं टायपेक्षा मोठं आहे, कळतं मला. पण साइटवर गेले की मी आधी आडवी होऊन मोबाइलच्या उजेडात पॅनेलखाली बघते. साधा नायलॉन अतिनील किरणांनी कडक होऊन तुटतो. सावलीत आहे म्हणून वाचत नाही, कडेने परावर्तित ऊन येतंच, वर पॅनेलखालची उष्णता. पॅनेलच्या फ्रेमला अडकवायच्या स्टीलच्या क्लिपा मिळतात. अख्ख्या कामाच्या खर्चात त्यांचा खर्च शोधूनही सापडणार नाही. जे पॅनेल २५ वर्षांच्या वॉरंटीवर विकायचं, त्याच्या वायरी दहा महिन्यांच्या प्लास्टिकवर टांगायच्या?

मग वहीवाल्यांच्या जुन्या साइटी बघायला गेले. प्रत्येक वायर क्लिपेत, कुठेही लोंबकळ नाही. फाइलमध्ये प्रत्येक स्ट्रिंगचं व्होल्टेज, करंट, पोलॅरिटी आणि इन्सुलेशनचे आकडे लिहिलेले. आयईसी ६२४४६-१ हे मानक हेच मागतं, पण माझ्या हातात असा कागद ठेवणारे हेच पहिले. शिवाय गिऱ्हाइकाला ते आधीच समजावतात, की पॅनेलवर लिहिलेले वॉट २५ अंश तापमानाचे असतात. सेल ६० अंशांवर गेला की दर अंशाला ०.३५ टक्के धरून बारा टक्के तिथेच गेले. ‘पाच किलोवॉट घेतले आणि ॲपमध्ये चारच दिसतात’ हा फोन यांच्या गिऱ्हाइकांकडून मला आजवर आलेला नाही. माझ्या हिशोबात याची किंमत मोठी आहे.

एवढं होऊनही ते माझे लाडके नाहीत. फोन उचलत नाहीत. मॉनिटरिंगचं खातं स्वतःच्या ईमेलवर उघडतात, ते गिऱ्हाइकाच्या नावावर करून घ्यायला मला महिना लागला. झटपटवाले निदान दुसऱ्या रिंगला बोलतात आणि चूक दाखवली तर तोंड फिरवत नाहीत. काकांची सगळी वायरिंग त्यांनी पुन्हा बांधून दिली, पैसे न मागता. अर्थात मी त्या महिन्यात त्यांना नवं काम दिलं नव्हतं, त्याचाही हातभार असेल.

सध्या माझी वाटणी अशी: झाडाची सावली, वाकडंतिकडं छत किंवा जुनी वायरिंग असेल तर वहीवाले, आणि करारावरच सहा आठवडे लिहून देते. सरळ मोकळं छत असेल तर झटपटवाले. मात्र त्यांच्याबरोबरच्या करारात दोन ओळी वाढवल्या आहेत. पॅनेलखाली नायलॉन टाय चालणार नाही, आणि आयसोलेशनची तक्रार आली तर माणूस सकाळी आठच्या आत पोचला पाहिजे. पहिली ओळ त्यांनी हसत मान्य केली. दुसरीवर अजून घासाघीस चालू आहे. ते नऊ म्हणतायत.