खाऱ्या टाकीचा स्किमर: मागे टांगायचा, संपमध्ये ठेवायचा की घ्यायचाच नाही?

बडोद्यात खाऱ्या पाण्याची टाकी लावायची ठरली की मासे, दगड आणि दिवे यांवर घरात आठवडाभर चर्चा चालते, आणि स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र, मात्र दुकानदार काढून देईल तो घेतला जातो. खोक्यावर '४०० लिटरपर्यंत' असं छापलेलं असतं, आपली टाकी ३०० लिटरची असते, म्हणून तो चालेल असं आपण धरून चालतो. त्या छापील आकड्यावर निवड करू नका, एवढंच मला पटवून द्यायचं आहे. स्किमर उभा कुठे राहणार, टाकीच्या मागे की संपमध्ये, म्हणजे टाकीखाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत, आणि तिथल्या पाण्याची पातळी हलती की स्थिर, हे आधी बघा. कंपनी, मॉडेल, मोटर हे सगळं त्यानंतर.

माशांची विष्ठा, उरलेलं खाणं आणि शेवाळाचा स्राव यांतून पाण्यात सेंद्रिय पदार्थ विरघळत राहतात. त्यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं पाण्यापासून दूर पळतं. असे रेणू हवेच्या बुडबुड्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. स्किमर उंच नळीत असंख्य बारीक बुडबुडे सोडतो, ते हा माल घेऊन वर चढतात, मानेत त्यांचा घट्ट फेस होतो आणि तो वरच्या कपात पडतो. तुरीची डाळ शिजताना वर आलेला फेस आपण पळीने काढतो, तसंच हे. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, म्हणून तिथे हे साधतं. गोड्या पाण्याच्या टाकीत तोच स्किमर जवळजवळ निरुपयोगी. आणि एक लक्षात ठेवा, पाण्यात आधीच तयार झालेलं नायट्रेट स्किमर काढत नाही. नायट्रेट ज्यातून बनतं तो माल कुजण्याआधी बाहेर काढणं, एवढंच त्याचं काम.

तेही सगळाच माल निघत नाही. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ मध्ये वेगवेगळ्या बनावटीचे स्किमर मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३० टक्केच त्यांनी बाहेर काढला, आणि बनावटीनुसार पडलेला फरक जाहिरातीत दाखवतात तेवढा मोठा नव्हता. म्हणूनच दोन चांगल्या कंपन्यांत कोणती, यावर रात्री जागवण्यापेक्षा बसवण्याची जागा नीट करण्यात जास्त फायदा आहे, असं माझं ठाम मत आहे.

स्किमर न घेणं

हा पर्याय कोणी विचारातच घेत नाही, पण शंभर लिटरच्या आतल्या टाकीला तो बहुतेक वेळा सर्वांत चांगला ठरतो. ९० लिटरच्या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी, एखादा गोबी मासा आणि चार गोगलगायी असतील तर दर आठवड्याला दहा टक्के, म्हणजे ९ लिटर पाणी बदललं की झालं. मिठाचं मिश्रण लिटरमागे ३५ ते ४० ग्रॅम लागतं, म्हणजे आठवड्याला साधारण ३५० ग्रॅम. एवढं कोणालाही झेपतं. वाचलेले पैसे पाण्यातले क्षार काढणाऱ्या चांगल्या आरओ-डीआय फिल्टरवर घाला. आजवा तलावातून येणारं नळाचं पाणी क्लोरीन घातलेलं असतं आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी जड, त्यामुळे दोन्ही सरळ टाकीत चालत नाहीत.

हिशोब बदलतो तो टाकी मोठी झाल्यावर. ४०० लिटरच्या टाकीत तेच दहा टक्के म्हणजे ४० लिटर पाणी आणि दर आठवड्याला दीड किलो मीठ. समुद्राचं पाणी आणावं म्हटलं तर आपल्या जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा, आणि तिथलं पाणी गाळाने भरलेलं. मीठ विकतच घ्यावं लागतं. इथे स्किमर आपली किंमत वसूल करतो.

टाकीत काय राहणार यावरही बरंच ठरतं. टँग किंवा ट्रिगरसारखे खादाड मासे असतील तर स्किमर हवाच. प्रवाळांच्या मोहात मात्र जपून. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे आपल्या समुद्रातून काढलेला तुकडा घरात ठेवणं गुन्हा आहे. मासे आणि कृत्रिम सच्छिद्र दगड एवढ्यावरही सुंदर टाकी उभी राहते. क्लाउनफिश समुद्रातून पकडून आणलेलेच घ्यावेत असंही नाही. हौदात त्यांची पैदास करण्याचं तंत्र आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यपालन संशोधन संस्थेने विकसित केलं आहे. पैदास केलेले मासे मागून घ्या.

मागे टांगायचा

खाली संप नाही, टाकी आधीच भरलेली आहे आणि ती १०० ते २०० लिटरची आहे, अशा घरासाठी हा प्रकार आहे. टाकीला भोक पाडावं लागत नाही, एका संध्याकाळी बसतो. पण आपल्याकडे टाकी काचवाल्याकडून बनवून घेतात आणि वरच्या कडेने आतल्या बाजूला काचेच्या रुंद पट्ट्या लावलेल्या असतात. स्किमर टांगायचा आकडा त्या पट्टीवर बसत नाही. टाकी भिंतीला टेकवून ठेवलेली असते तेव्हा मागे जागाही उरत नाही. विकत घेण्याआधी टेप घेऊन मागचं अंतर आणि पट्टीची रुंदी मोजा, बसेलच अशा भरवशावर राहू नका.

दुसरी अडचण पातळीची. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२ च्या पुढे जातो, आपण टाकीवर पंखे लावतो आणि रोज काही लिटर पाणी उडतं. टांगलेल्या स्किमरला पाणी थेट टाकीतून मिळतं, त्यामुळे पातळी दोन बोटं उतरली की फेस बदलतो. सकाळी नीट लावलेला स्किमर संध्याकाळी काहीच काढत नाही, मग आपण व्हॉल्व्ह फिरवतो, आणि रात्री पाणी भरल्यावर कप भरून वाहतो. वाहिलेलं ते पाणी जातं भिंतीवर आणि फरशीवर. म्हणून टांगता स्किमर घेणाऱ्याने विजेचा बोर्ड टाकीपेक्षा उंच ठेवावा आणि प्रत्येक वायरला बोर्डाच्या आधी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही. पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-अपचं यंत्रही सोबत घ्या. माझ्या लेखी या प्रकारात ती चैन नाही.

टाकीच्या आत चुंबकाने चिकटणारे छोटे स्किमरही मिळतात, जर्मनीच्या टुंझे कंपनीच्या कॉमलाइन मालिकेत असे आहेत. कप वाहिला तरी पाणी टाकीतच पडतं, ही त्यांची जमेची बाजू. दिसायला मात्र डोळ्यात येतात आणि माशांची जागा खातात. लिंडेन झाडाच्या लाकडाच्या (इंग्रजीत लाइमवुड), बुडबुडे सोडणाऱ्या एअरस्टोनवर चालणारा जुना प्रकार स्वस्त आहे, पण तो दगड दर काही आठवड्यांनी बदलावा लागतो, आणि ज्याला नेमाने बदलायचा कंटाळा आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

संपमध्ये ठेवायचा

जागा असेल तर हाच घ्या. फिशटँकच्या खालच्या कपाटात काचेचा संप, त्यात टाकीतून उतरणारं पाणी आधी कापडी पिशवीतून, मग स्किमरच्या कप्प्यातून, मग आडव्या काचेवरून ओसंडून परतीच्या पंपाकडे. ही आडवी काच म्हणजे सगळ्या व्यवस्थेचा कणा. पंख्यामुळे पाणी कितीही उडालं तरी घट दिसते ती शेवटच्या, पंपाच्या कप्प्यात. स्किमरच्या कप्प्यातली पातळी काचेच्या उंचीवर अडून राहते. बडोद्याच्या उन्हाळ्यात हा फरक फार मोठा आहे.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा ठेवा: आधी स्किमर, मग संप. बहुतेक सुईचाकी, म्हणजे पंपाच्या चाकावरच्या सुयांनी हवा बारीक फोडणाऱ्या, स्किमरना उभं राहायला १५ ते २३ सेंटिमीटर खोल पाणी लागतं, नेमका आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतो. तो आकडा काचवाल्याला द्या आणि आडवी काच त्याच उंचीची लावून घ्या. संप आधीच बनला असेल आणि कप्पा खोल असेल तर स्किमरखाली अॅक्रिलिकची चौकट ठेवून उंची साधता येते, पण पातळी कमी असेल तर काही इलाज नाही. कपाटाची आतली उंची मोजताना कप वर उचलून बाहेर काढायला जागा धरा. हे विसरलं की दर वेळी अख्खा स्किमर उचलावा लागतो, आणि असा स्किमर मग धुतलाच जात नाही.

वीज गेल्यावर वरच्या टाकीतलं काही पाणी आणि स्किमरच्या नळीतलं पाणी संपमध्ये उतरतं. तेवढी रिकामी जागा संपच्या वरच्या भागात असायलाच हवी. एकदा मुद्दाम मेन बंद करून पाहा, म्हणजे खात्री होते.

आकाराबद्दल दोन शब्द. खोक्यावरचे लिटर मोजायला कोणतीही सर्वमान्य पट्टी नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने लिहिते. कमी, मध्यम आणि जास्त माशांसाठी वेगवेगळे आकडे दिले असतील तर 'मध्यम'चा धरा. '४०० लिटर' एवढंच लिहिलं असेल तर ते कमी माशांच्या टाकीचं समजा. फार मोठाही घेऊ नका. चार माशांच्या टाकीत मोठ्या स्किमरला फेस धरायला मालच मिळत नाही, आणि तो अधूनमधूनच काम करतो.

एसी मोटर की डीसी

बाहेरगावाहून नातेवाइकांकडून मागवणार असाल तर हे नीट वाचा. अमेरिकेतला पंप १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतो, आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. स्किमरच्या एसी पंपाचा वेग हर्ट्झवर चालतो, त्यामुळे तोच पंप इथे सहाव्या हिश्शाने हळू फिरेल, हवा कमी ओढेल आणि तुम्ही विनाकारण स्किमरला दोष द्याल. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलाच घ्या, किंवा डीसी घ्या.

डीसीचा वेग बटणाने कमी-जास्त होतो, आवाज कमी, खाणं घालताना थोडा वेळ थांबवता येतो. त्याचा अडॅप्टर मात्र जास्तीचा एक घरात ठेवा, कारण पंपाआधी तोच जातो. विजेचा खर्च दोन्हीत किरकोळ, १० वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी सात युनिटच्या आसपास. साधी टाकी, स्थिर संप असेल तर मी एसीच सुचवेन, बिघडायला कमी भाग असतात.

बराच काळ वीज गेली, जसं ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात शहराने पाहिलं, तर बॅटरीवर स्किमर चालवू नका. टाकीतलं पाणी हलवणारा छोटा पंप किंवा बॅटरीचा एअर पंप आधी. मासे अस्वच्छ पाण्यात दोन दिवस काढतील, प्राणवायूशिवाय काढणार नाहीत, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी.

तो कोणती हवा ओढतो

स्किमर खोलीतली हवा दिवसरात्र पाण्यात घुसळत असतो, ही गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. पावसाळ्यात डासांसाठी गल्लीत फॉगिंगची गाडी येते, घरात मॅट किंवा फवारा वापरला जातो. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं माशांना आणि झिंग्यांना फार विषारी असतात. गाडीचा आवाज आला की स्किमर बंद, खिडक्या बंद, आणि धूर पुरता निघून गेल्यावरच चालू. गणपतीत धूप-लोबान चालतो त्या खोलीत टाकी असेल तर हवेची नळी दुसऱ्या खोलीत न्या. रंगकाम चालू असतानाही हेच.

उलट थंडीत दारं-खिडक्या बंद असतात, माणसं भरपूर असतात, हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा पीएच उतरतो. तेव्हा हवेची नळी खिडकीबाहेर काढली की पीएच सावरतो. दिवाळीच्या चार दिवसांत ती आत घ्या.

लावल्यानंतर

नवा स्किमर पहिल्या दिवसापासून काम करत नाही. प्लास्टिकवरचा तेलकटपणा जाईपर्यंत फेस विस्कटत राहतो, आठ-पंधरा दिवस लागतात. या काळात रोज व्हॉल्व्ह फिरवू नका. पुढेही एका वेळी थोडासाच बदल आणि मग एक दिवस वाट.

हाताला क्रीम किंवा तेल लावून टाकीत हात घातला की फेस काही तास बसतो. तेलकट खाण्यानेही तसंच होतं. याउलट क्लोरीन मारणाऱ्या थेंबांनी किंवा दगड जोडण्याच्या इपॉक्सीने फेस इतका उसळतो की कप मिनिटांत भरतो. औषध घालताना त्याचं माहितीपत्रक वाचा, बहुतेक वेळा स्किमर बंद ठेवायला सांगितलेलं असतं.

फेस ओला काढावा की सुका, यावर मतभेद आहेत. मी थोडा ओला, फिक्या चहाच्या रंगाचा पसंत करते, कारण माल जास्त निघतो. पण त्याच्याबरोबर मीठही जातं. ३०० लिटरच्या टाकीतून दर आठवड्याला लिटरभर ओला फेस काढला आणि जागा गोड्या पाण्याने भरली, तर दहा आठवड्यांत क्षारता ३५ वरून ३४ च्या खाली येते. क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने बघत राहा.

मान दर दोन-तीन दिवसांनी पुसा, कारण तिथे साचलेली चिकटी फेसाला वर चढू देत नाही. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचतं, तिथे कोमट आरओ पाणी ओता. पंप दर तीन महिन्यांनी उघडून व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा.

जुना स्किमर स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण बादलीतल्या पाण्यात तो चालवून दाखवायला सांगा. सुईचाकाच्या सुया तुटलेल्या नसाव्यात, बुडाच्या जोडातून पाणी झिरपू नये, कप मानेवर घट्ट बसावा, आणि त्या पंपाचं चाक आजही सुटं मिळतं का ते पैसे देण्याआधी दुकानात विचारून घ्या.