लेसरने नंबर जाईल, पण चाळिशीचं काय?

वाचायच्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’च म्हणतो, पण लेसरची चौकशी करताना नेमकी तीच विसरतो. लॅसिक असो वा स्माइल, या दोन्ही ऑपरेशनांत लेसर डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला, म्हणजे कॉर्नियाला, आकार देतो. जवळचं धूसर होतं ते आतलं भिंग ताठरल्यामुळे, आणि लेसर त्याला हातही लावत नाही.

माझा नंबर उणे 2.5. चष्मा काढला की 40 सेंटिमीटरवरची गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरी लख्ख दिसते. दोन्ही डोळे लांबसाठी शून्यावर आणले की ही फुकटची सोय गेली. दिवसभर गाडी चालवणाऱ्याने हा सौदा जरूर करावा, लांबचं स्वच्छ दिसतं. मात्र मोबाइलसाठी चाळिशी खिशात आलीच.

दुसरा मार्ग मोनोव्हिजन. प्रबळ डोळा, म्हणजे मेंदू ज्यावर जास्त विसंबतो तो, लांबसाठी, दुसरा जवळसाठी मुद्दाम उणे 1.5 च्या आसपास ठेवायचा. मी कॉन्टॅक्ट लेन्स लावून आठ दिवस हे करून पाहिलं. हॉटेलातलं मेनूकार्ड वाचता आलं, भाजीवाल्याचे सुट्टे पैसे मोजता आले. पण रात्री हायवेवर समोरच्या हेडलाइटभोवती धुरकट वलय, आणि जिन्याची शेवटची पायरी दोनदा चुकली. काहींचा मेंदू हे पटकन स्वीकारतो, माझा नाही. ही चाचणी न करता जो डॉक्टर थेट तारीख देईल, त्याच्याकडून उठून यावं.

तिसरा मार्ग आतलं भिंगच बदलण्याचा, म्हणजे मोतीबिंदूचंच ऑपरेशन, मोतीबिंदू होण्याआधी. पंचावन्न-साठीत भिंग गढूळ व्हायला लागलं असेल तर यात अर्थ आहे. पुढे मोतीबिंदूचा प्रश्न उरत नाही. बेचाळिशीत मात्र घाई वाटते: जवळ-लांब जुळवून घेण्याची उरलीसुरली ताकदही जाते, आणि मोठा मायनस नंबर असेल तर डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) सुटण्याचा धोका वाढतो. ट्रायफोकल, म्हणजे लांब, मधलं आणि जवळचं असं तिन्ही दाखवणाऱ्या भिंगाने चष्मा बराच सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात.

आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर? कडेने धूसर, जिना उतरताना मान खाली. पण नाही जमला तर काढून ठेवता येतो. मी सध्या त्यावरच आहे.

लेसर ठरलंच, तर मोजमापाआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवा आणि डोळ्यांचा कोरडेपणा तपासून घ्या. ऑपरेशनआधीचे रिपोर्ट जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला की भिंगाचा नंबर काढायला तेच कागद कामी येतात.