'पॅनल गेलाय' म्हणणाऱ्यापासून सावध!

टीव्हीचं चित्र अंधुक झालं आणि घरी आलेला माणूस मागचं झाकणही न उघडता 'पॅनल गेलाय', म्हणजे पडदाच बाद झालाय, असं म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आमच्या बाबांचे साडेआठ हजार असेच गेले.

मिरजेच्या घरी 43 इंची स्मार्ट टीव्ही आहे. वॉरंटी संपलेली. दिवसा चित्र ठीक, पण दिवेलागणीनंतर हॉलमधला दिवा मालवून मालिका लावली की सगळं काळवंडायचं. आईला वाटलं, आपल्यालाच मोतीबिंदू होतोय. बाबांनी मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून सर्व्हिस सेंटर शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेल्या नंबरला फोन लावला. तो नंबर कंपनीचा नव्हताच, पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती. पलीकडची मुलगी मात्र कंपनीचंच नाव घेऊन बोलत होती.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तरुण आला. आधी 350 रुपये व्हिजिट चार्ज घेतला. मग रिमोट घेऊन टीव्हीसमोर असा उभा राहिला की बाबांना स्क्रीन दिसेना. बाजूला झाला तेव्हा भर दुपारी चित्र काळं! आधी फक्त संध्याकाळी होणारा त्रास याच्या हाताखाली दुपारीही सुरू झाला, यातच सगळं आलं.

"काका, पॅनल वीक झालाय. नवीन घ्याल तर बावीस हजार. मी वर्कशॉपला नेऊन साडेआठमध्ये बसवून देतो."

टीव्ही रिक्षातून गेला, परत आला तेव्हा चित्र लख्ख. पैसे यूपीआयने, एका माणसाच्या नावावरच्या खात्यात. बिलावर कंपनीचा लोगो आणि एक मोबाइल नंबर. जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही. काय बदललं ते दाखव म्हटल्यावर उत्तर मिळालं, "जुना पार्ट कंपनीत जमा करावा लागतो, काका."

भांडं फुटलं ते पुढे सॉफ्टवेअर अपडेटनंतर. सेटिंग पुन्हा मूळ पदावर गेलं आणि संध्याकाळचा अंधार परतला. मी मिरजेला गेले होते. पिक्चरच्या मेनूत पॉवर सेव्हिंग चालू, आणि खोलीतला उजेड मोजणारा सेन्सरही चालू. खोली अंधारली की हा सेन्सर स्क्रीनचा उजेड उतरवतो. दोन्ही बंद केले, चित्र लख्ख. साडेआठ हजारांची दुरुस्ती ती हीच. खात्रीसाठी गल्लीतल्या मेकॅनिकला मागचं झाकण काढायला लावलं. आत धुळीचा सलग थर. "ताई, याला कुणी हातच लावलेला नाही," तो म्हणाला.

त्यानेच सांगितलेलं, आणि मी नंतर पडताळून पाहिलेलं थोडं लिहिते. बऱ्याच टीव्हींमध्ये 'ब्राइटनेस' वाढवल्याने फक्त काळा रंग राखाडी होतो. खरा उजेड मेनूतल्या 'बॅकलाइट' नावाच्या वेगळ्या सेटिंगवर असतो. पिक्चर मोड 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' असेल तर चित्र मुळातच मंद दिसतं. एखाद्याच ॲपवर, एखादाच एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारा) सिनेमा अंधारा दिसत असेल तर टीव्ही बहुधा बिघडलेला नाही. स्वस्तातल्या टीव्हींवर एचडीआर असंच दिसतं. आणि आवाज येतोय पण पडदा पूर्ण काळा, असं झालं तर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्याला टेकवून तिरपा धरा. आत चित्राची पुसट हालचाल दिसली तर पॅनल शाबूत आहे, मागच्या एलईडीच्या पट्ट्या किंवा त्यांना वीज देणारा भाग गेलाय. पट्ट्यांवरचे दिवे एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एक उडाला की अख्खी माळ बंद पडते. त्या बदलायचा खर्च नव्या पॅनलच्या मानाने बराच कमी असतो. पॅनल सांगून पट्ट्या बदलणारेही आहेतच.

कंपनीचा नंबर सर्चमधून घेऊ नका. टीव्हीच्या खोक्यावर, वॉरंटी कार्डावर किंवा टीव्हीच्याच मेनूत 'सपोर्ट'खाली असतो, तोच लावा. टीव्ही घराबाहेर जाणार असेल तर आधी जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीला दिल्याची पावती, घ्या आणि मागच्या स्टिकरवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा.

आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर, दोन्हीकडे तक्रार नोंदवली. पैसे अजून मिळालेले नाहीत. ग्राहक आयोगात जायचं तर समोरच्याचा पत्ता लागतो, आणि बिलावर तोच नाही. बाबांच्या फोनला उत्तर देणारा नंबर आता बंद आहे. त्या जाहिरातीची वेबसाइट मात्र चालू आहे. नंबर नवा, आणि टीव्हीच्या जोडीला आता फ्रिज-वॉशिंग मशीनही.